तीन अर्जदार आणि एक श्रोती

निविदाकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या दुकानातून घेतली नव्हती. सरकारी खरेदी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. टाचणी घ्यायची तरी तीन ठिकाणचे दर मागवायचे, तेही बंद पाकिटांत, मग तिन्ही पाकिटं एकाच वेळी साक्षीदारांसमक्ष फोडायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि त्यानंतर टाचणी घ्यायची. तोवर टाचणीची गरज संपलेली असे, पण तो वेगळ्या खात्याचा प्रश्न. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पद्धत सुटली नाही. घरातला झाडूसुद्धा तीन झाडूंच्या स्पर्धेतून निवडला गेला होता, आणि स्पर्धा चालू असताना दीड महिना काकू जुन्याच झाडूनं घर झाडत होत्या. इमारतीतले लोक आपल्याला निविदाकाका म्हणतात हे काकांना ठाऊक होतं. त्यात हसण्यासारखं काही असेल अशी शंका मात्र त्यांना कधी आली नाही.

अशा माणसानं इंटरनेटवर रेडिओ स्टेशन काढायचं ठरवलं.

त्याचं मूळ अक्कात होतं. अक्का ही काकांची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, मुक्काम दुसऱ्या गावी, मुलाकडे. काकांना अक्षरओळख तिनंच करून दिली होती, डाव्या हातानं त्यांचा कान धरून आणि उजव्या हाताचं बोट अक्षराखाली ठेवून. स्वतः ती जन्मभर कादंबऱ्यांवर जगली. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांनी काम थांबवलं, आणि थांबवलं तेही एका जाडजूड, मुखपृष्ठ गेलेल्या कादंबरीच्या नेमक्या दोनशे तेराव्या पानावर. त्या पानाच्या शेवटच्या ओळीत नायिका बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या पायऱ्या चढते आणि हात दाराकडे नेते. पुढचं सगळं धूसर. अक्कानं पुस्तक खुणेसकट भावाकडे पाठवून दिलं आणि फोन केला, "धाकट्या, दार कुणी उघडलं तेवढं सांग."

कुणीही साधा माणूस पान उलटून मोकळा झाला असता. काकूंनी तसं सुचवलंही. "अहो, फोन लावा आणि रोज दोन पानं वाचून दाखवा. त्यात काय एवढं?"

"फोन हा खाजगी व्यवहार झाला," काका म्हणाले. "तिच्या मुलानं तिला एक बटणाचा डबा आणून दिलाय. बटण दाबलं की इंटरनेटवरचं स्टेशन लागतं. सगळ्या स्टेशनांवर नातवंडांच्या वयाची माणसं किंचाळतात, असं तीच म्हणाली. तिच्यासाठी एक नीट स्टेशन हवं. वेळेवर सुरू होणारं, वेळेवर संपणारं. फोनला निवेदन असतं का? 'आता ऐकू या' असं फोनवर म्हणता येतं का?"

काकांना हे वाक्य म्हणायची इच्छा बरीच जुनी होती. ऑफिसात परिपत्रकं मोठ्यानं वाचायचं काम नेहमी त्यांच्याकडेच असे, आणि त्यांनी वाचलेलं परिपत्रक रद्द झालं तरी लोकांच्या लक्षात राही.

"निदान दार कुणी उघडलं ते तरी बघून सांगा."

"प्रसारणापूर्वी मजकूर बघणं म्हणजे मुदतीआधी पाकीट फोडणं," काका म्हणाले आणि त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. खूण दोनशे तेरावर, पान मिटलेलं.

काकूंना झाडू आठवला असावा.

रेडिओ स्टेशनला काय काय लागतं याची चौकशी काकांनी जावयाकडे केली. जावई कॉम्प्युटर कंपनीत होता आणि स्वभावानं मवाळ होता. तो म्हणाला, "बाबा, माईक आहे, तुमचा जुना कॉम्प्युटर आहे. आता फक्त सर्व्हरचं सॉफ्टवेअर लागेल. म्हणजे कसं, गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, तसं. खालून एका पाइपनं तुम्ही आवाज चढवायचा, टाकीतून ज्याला हवा त्याच्या नळाला तो येणार. मधे थोडा साठा होतो, त्यामुळे तुम्ही बोललेलं ऐकणाऱ्याला अर्ध्या मिनिटानं ऐकू येतं. बाकी काही नाही."

"असं सॉफ्टवेअर कितीजण करतात?"

"पुष्कळ. दोन-तीन चांगली आहेत. कुठलंही घ्या."

काकांनी पेन खाली ठेवलं. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी 'कुठलंही घ्या' असं म्हटलं नव्हतं. पण जावई तो जावई. ते एवढंच म्हणाले, "आपण तिघांना पत्र पाठवू."

पत्रं गेली. विषय, संदर्भ, मुदत, बंद पाकिटाची अट, सगळं रीतसर. पहिलं सॉफ्टवेअर जगभर विखुरलेल्या हौशी मंडळींनी मिळून केलेलं होतं. त्यांच्यातल्या कुणीतरी तासाभरात ईमेलनं उत्तर पाठवलं की हे फुकट आहे, उतरवून घ्या आणि मजा करा. काकांनी ते छापून फायलीला लावलं आणि समासात शेरा मारला, "दर कळवलेला नाही. मजा करण्याबाबत कळवले आहे. उत्तर उघड्यावर आल्याने विचारात घेता येत नाही." आणि बंद पाकिटासाठी त्यांना स्मरणपत्र पाठवलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून रोज एक उत्तर यायचं की तुमचं पत्र आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. रोज तेच. काकांना त्या कंपनीबद्दल आदर वाटू लागला, कारण त्यांच्या खात्याचीही हीच पद्धत होती.

तिसऱ्या कंपनीनं एक बाई नेमली. ती फोन करायची.

"सर, एका वेळी किती श्रोते अपेक्षित आहेत?"

"एक."

"एक हजार, सर?"

"एक. वय एक्क्याऐंशी."

"सर, आमचा सगळ्यात लहान प्लॅन शंभर श्रोत्यांचा आहे."

"मग उरलेले नव्याण्णव काय करतील?"

बाईंनी हा प्रश्न वरिष्ठांकडे पाठवते म्हणून सांगितलं. पण हा प्रश्न काकांच्या मनातून जाईना. क्षमता शंभराची आणि वापर एकाचा, असा शेरा त्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या फायलींवर कितीदा तरी मारला होता. आपल्यावर ती पाळी येऊ नये म्हणून ते नव्याण्णव श्रोते गोळा करायला इमारतीत उतरले.

तोपर्यंत टाकीची बातमी इमारतभर झाली होती. जावई बोलला तेव्हा जिन्यात कोणीतरी होतं. काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांची बेल वाजवली, तर दार उघडताच डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्यासारखा माणूस हवाच होता. नवी टाकी किती लिटरची बसवताय?"

"टाकी नाही. रेडिओ."

"टाकीला रेडिओ कशाला?"

हा गैरसमज निस्तरायला तीन दिवस गेले, आणि निस्तरल्यावर सगळ्यांचा असा हिरमोड झाला की काकांना अपराधी वाटायला लागलं. लोक ऐकायला तयार होते, पण प्रत्येकाची एकेक अट होती. डॉक्टरांना दातांच्या निगेवर रोज दहा मिनिटं हवी होती. चौथ्या मजल्यावरच्या बासरी शिकणाऱ्या बाईंना पंधरा मिनिटं हवी होती, आणि त्यांच्या शेजाऱ्यांना हवं होतं की बाईंना पंधरा मिनिटांच्या वर देऊ नयेत. काकांनी कार्यक्रमपत्रिका आखली. ती इतकी गच्च भरली की तिच्या तळाशी 'कादंबरीवाचन' या सदराला चार मिनिटं उरली, तीही बासरी वेळेत आटपली तर.

मग आले सेक्रेटरी. इमारतीच्या कमिटीचं ऑफिस तळमजल्यावर होतं, एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट, ज्याची किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला असे. त्यांनी एक छापील अर्ज पुढे केला. "इमारतीतून प्रसारण करायचं म्हणजे परवानगी लागणार. अँटेनाची उंची लिहा."

"अँटेना नाही."

"रकाना रिकामा सोडता येत नाही."

काकांना हे पटलं. रकाना रिकामा सोडता येत नाही, हे त्यांनीच कित्येकांना सुनावलं होतं. त्यांनी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. "शून्य ही उंची होत नाही," सेक्रेटरींचा शेरा होता. काकांनी अर्धा तास त्या शेऱ्याकडे पाहिलं. इतका निर्दोष शेरा त्यांना कित्येक वर्षांत पाहायला मिळाला नव्हता. त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा वाजता काका खाली ऑफिसात जाऊन बसू लागले आणि दोघं मिळून अर्जावर विचार करू लागले. साडेबाराच्या आत काका घरी परतल्याचं कुणी पाहिलं नाही.

आणि रोज संध्याकाळी अक्काला फोन व्हायचा. अक्का विचारायची, "धाकट्या, दार उघडलं का रे?"

"प्रक्रियेत आहे, अक्का."

"बरं बरं. ती बाई उभी आहे अजून पायरीवर."

"आणखी दोन आठवडे."

असे सात आठवडे झाले. एकदा काकू म्हणाल्या, "तिचे पाय दुखत असतील." काकांना वाटलं अक्काबद्दल बोलतेय. ते म्हणाले, "मुलाला सांग, मलम लावून देईल."

बंद पाकिटं काही आली नाहीत, आणि लांबलेली मुदत आणखी लांबवणं काकांच्याही नियमात बसेना. तेव्हा त्यांनी विशेषाधिकार वापरून प्रत्यक्ष चाचणीचा निर्णय घेतला. जावयानं तिन्ही सॉफ्टवेअरं जुन्या कॉम्प्युटरवर चढवली. तिसऱ्या कंपनीच्या बाईंनी एक महिन्याचा नमुना दिला होता. पक्षपात होऊ नये म्हणून त्यांची नावं झाकून क, ख आणि ग अशी ठेवली, आणि कोण क, कोण ख, कोण ग याची चिठ्ठी जावयानं एका पाकिटात घालून काकांच्या देखत चिकटवली.

"बाबा, एकेक करून चालवू या का?"

"जो आधी चालेल त्याला फायदा. तिघांना एकाच वेळी. मंगळवारी, सकाळी ठीक अकरा."

मंगळवारी तळमजल्यावरच्या ऑफिसात सेक्रेटरी, डॉक्टर आणि बासरीवाल्या बाई परीक्षक म्हणून बसले. टेबलावर एक स्पीकर. काका स्वतः ऐकायला खाली येणार, म्हणजे वर माईकसमोर कोण बोलणार, हा पेच होता. काकांनी माईकपुढे गजराचं घड्याळ ठेवलं. घड्याळ कुणाची बाजू घेत नाही. जावई आपल्या ऑफिसातून कॉम्प्युटर चालवत होता. अकराच्या ठोक्याला त्यानं तिन्ही सुरू केली आणि लगेच काकांना फोन केला.

"बाबा, गंमत झाली. तिघांनाही बाहेर जायला एकच दार हवंय. ख आधी घुसला, तो चालू आहे. क आणि ग म्हणतायत, दार अडलंय. माझी मीटिंग आहे, नंतर बघू."

स्पीकरमधून टिक्‌टिक्‌ ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी मान डोलावली. "आवाज स्वच्छ आहे." काकांनी तक्त्यात तसं लिहिलं. पाच मिनिटं चौघांनी घड्याळ ऐकलं. बासरीवाल्या बाई म्हणाल्या, "लय चांगली आहे."

मग स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा. "हे घड्याळ इथे कुणी आणून ठेवलं कोण जाणे." नंतर फोनची बटणं, आणि त्यानंतर, थोडा घुसमटलेला पण ओळखू येणारा, एक्क्याऐंशी वर्षांचा आवाज. "बोल गं."

"वन्सं, काल कुठे थांबलो आपण?"

"तीनशे अडतीस. ती पत्र फाडते तिथं. थांब, तो गेलाय ना खाली?"

"रोज अकराला जातात. साडेबारापर्यंत काळजी नाही."

"झालं का त्याचं सुरू?"

"आज तिघांची परीक्षा आहे म्हणे."

"होऊ दे सावकाश. संध्याकाळी फोन आला की मी आपली विचारते, धाकट्या, दार उघडलं का. न विचारून कसं चालेल? त्याला वाटेल, अक्काला आता आपली गरज राहिली नाही."

"मीही त्यांची खूण हलवत नाही, वन्सं. माझी वेगळी आहे, शिंप्याची पावती. वाचू?"

"वाच. आणि त्या पत्राचं परत वाच जरा."

काकूंनी वाचायला सुरुवात केली. त्या फार चांगलं वाचत होत्या, हे काकांच्या प्रथमच लक्षात आलं. 'आता ऐकू या' म्हणत नव्हत्या, सरळ ऐकवत होत्या.

ऑफिसात कुणी कुणाकडे पाहिना. सेक्रेटरींनी अँटेनाचा अर्ज उचलला आणि तो उलटा धरून वाचू लागले. डॉक्टर स्वतःचेच दात जिभेनं तपासत होते. धावत वर जावं असं काकांना एकदा वाटलं, पण जावयाचं गणित आठवलं. जे कानावर पडत होतं ते अर्ध्या मिनिटापूर्वीच बोलून झालेलं होतं. त्यावर हरकत घेण्याची मुदत टळली होती.

"आवाज स्वच्छ आहे," काका शेवटी म्हणाले. "चाचणी यशस्वी झाली असं समजावं." त्यांनी तक्ता मिटला, फाइल काखेत मारली आणि जिना चढायला लागले. मात्र नेहमीपेक्षा हळू. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते थांबले आणि तिथूनच मोठ्यांदा खोकले. थोडा वेळ जाऊ दिला. तिसऱ्यावर पुन्हा एकदा खोकले. दार उघडून आत गेले तेव्हा काकू टेबल पुसत होत्या, आणि घड्याळ माईकपुढे टिक्‌टिक्‌ करत होतं.

"झाली परीक्षा?" काकूंनी विचारलं.

"झाली."

"कोण पास झालं?"

"ख."

"ख म्हणजे कुठलं?"

काकांनी खिशातून चिकटवलेलं पाकीट काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नव्हतं ते केलं. पाकीट न फोडता खणात टाकलं. "चालतंय ते," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी कार्यक्रमपत्रिका फाडली. संध्याकाळच्या फोनवर अक्कानं विचारलं, "दार उघडलं का रे?" काका म्हणाले, "उद्या. अकरा वाजता. डब्याचं बटण दाबून ठेव." अक्का म्हणाली, "उद्याच? इतक्या लवकर?"

दुसऱ्या दिवशी अकराला काका माईकसमोर बसले. काकू मागच्या खुर्चीत. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात श्रोत्यांचा आकडा दिसत होता, सेहेचाळीस. काल दुपारपासून इमारतीत कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

"आता ऐकू या," काका म्हणाले. त्यांनी खुणेचं पान उघडलं, शेवटची ओळ वाचली, आणि सात आठवडे न उलटलेलं पान उलटलं.

"तिनं दारावर हात टेकला मात्र, दार आत सरकलं. त्याला कडी नव्हती. बारा वर्षांत ते कुणी आतून लावलंच नव्हतं."

काका थांबले.

हे वाक्य सगळ्यांना आधी कळलेलं असणार, निदान अक्काला आणि काकूंना. त्यांना एकट्यालाच आत्ता कळत होतं. ते तीच ओळ पुन्हा पुन्हा मनात वाचत राहिले. प्रक्षेपणात शांतता पसरली. अर्ध्या मिनिटानं खालून सेक्रेटरींचा फोन आला आणि काकूंनी तो उचलला.

"वहिनी, सर्व्हर बंद पडला का?"

"नाही हो. सर्व्हर चालू आहे," काकू हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो ठेवतात तोच पुन्हा वाजला. या वेळी अक्का होती. काकूंनी स्पीकर लावून फोन माईकशेजारी ठेवला.

"धाकट्या!" अक्का म्हणाली. आवाजात आश्चर्य काठोकाठ भरलं होतं, आणि ते जमवायला तिला फार कष्ट पडलेले दिसत नव्हते. "अगं बाई! दार उघडंच होतं होय? आणि मी इतके दिवस विचार करत बसलेय. मग आत कोण होतं रे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पंख्याकडे पाहिलं.

"अक्का, ते उद्या," काका माईकमध्ये, निवेदकाच्या भारदस्त आवाजात म्हणाले. "तोपर्यंत तू शिंप्याच्या पावतीपाशी जरा दम धर."

मग अक्का हसली. ती पूर्वीपासून अशीच हसायची, आधी श्वास कोंडायचा आणि मग एकदम. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. काकांनी चष्मा काढून पुसला, आणि कारण नसताना दुसऱ्यांदा पुसला.

अर्ध्या मिनिटानं अक्काच्या उशाशी असलेल्या डब्यातून तिला स्वतःचंच हसू ऐकू आलं. "ही कोण गं म्हातारी?" असं म्हणून ती आणखी हसली. ते हसू फोनमधून काकांच्या माईकमध्ये शिरलं, माईकमधून ख मध्ये गेलं, ख मधून सेहेचाळीस घरांत गेलं आणि पुन्हा अक्काच्या डब्यातून फोनमध्ये. दर अर्ध्या मिनिटानं अक्का नव्यानं हसायची. हे थांबवायचं कसं, हे काकांना ठाऊक नव्हतं आणि जावई मीटिंगमध्ये होता. साडेबारापर्यंत तोच कार्यक्रम चालला.